दोरी ताणण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"नगरपरिषदेच्या हद्दीत कोपऱ्यावर आमचा तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. चौदा वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेऊन घर बांधलं, कंपाउंड मात्र राहून गेलं. तेव्हा सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार मारली, तीच आजवर आहे. आता रस्त्यावर वर्दळ वाढली, भटकी कुत्री अंगणात येतात, रात्री कोणीही डोकावतं. मला सात फुटी पक्की भिंत हवी आहे. गवंडी म्हणतो, 'बाई, जुन्या तारेखालीच पाया खणू, परवानगी कोण विचारतंय?' पूर्वेकडचे शेजारी म्हणतात, तुमची तार दोन फूट आमच्यात आहे. मिस्टर म्हणतात, बारा वर्षं उलटून गेली, आता त्यांना काही करता यायचं नाही. दक्षिणेच्या कडेनं मागच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जातो, ती पट्टी भिंतीत घेऊ का? तारेत एक कडुनिंब आलाय, तो काढू का? भिंतीवर काचा लावू की करंटची तार? दिवाळीच्या आत उरकायचं आहे. – एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा"

ताई, तुम्ही प्रश्न बरेच विचारलेत, पण पत्र वाचताना मी थांबलो ते गवंड्याच्या वाक्यापाशी. 'जुन्या तारेखालीच पाया खणू.' एकतीस वर्षं मी भूकरमापक म्हणून शेतं, गावठाणं आणि प्लॉट मोजले. लोकांनी आपल्या हातांनी बांधलेल्या भिंती आपल्याच हातांनी फोडायला लागलेल्या पाहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक जुन्या तारेखाली, जुन्या वईखाली नाहीतर 'आमच्या आजोबांनी दाखवलेल्या' दगडाला धरून बांधलेल्या होत्या. तार दोन तासांत सरकवता येते. भिंत उभी राहिली की तिच्याबरोबर भांडणही उभं राहतं, आणि ते पुढच्या पिढीकडे जातं. म्हणून उंचीचं नंतर बोलू, आधी जागेचं.

चौदा वर्षांपूर्वी ते खांब कुणी रोवले, कशाला धरून रोवले, हे आठवून बघा. नव्या लेआउटमध्ये सहसा असं होतं: प्लॉट विकणाऱ्याचा माणूस येतो, रस्त्याकडच्या एका दगडापासून टेप धरतो आणि 'इथून इथवर तुमचं' म्हणून चुन्याची रेघ मारतो. तो पहिला दगडच दोन फूट चुकलेला असेल तर ओळीतले सगळे प्लॉट दोन-दोन फूट सरकतात. प्रत्येकाची जागा टेपनं बरोबर भरते, तरी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या जागेत असतो. तुमचे शेजारी खोटं बोलत नसतील आणि तुम्हीही कुणाचं दाबलेलं नसेल, असं अगदी शक्य आहे. टेप लांबी सांगते, जागा सांगत नाही. त्यामुळे तुम्ही आणि शेजारी दोघं मिळून कितीही टेप धरलीत तरी हा प्रश्न अंगणात सुटणार नाही.

तो सुटतो मोजणीनं. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम मोजणी'साठी अर्ज करायचा. हल्ली तो ऑनलाइन भरता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी जास्त. अर्ज करण्याआधी घरातली फाइल काढा आणि तीन कागद शोधा: बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन म्हणजे लेआउटचा नकाशा, आणि कमी-जास्त पत्रक. हे शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं. शेत मोडून प्लॉट पडले की मोजणी होऊन प्रत्येक प्लॉटचं, रस्त्याचं आणि मोकळ्या जागेचं क्षेत्र या पत्रकात उतरतं, आणि त्यावरून सातबारा किंवा मिळकत पत्रिका वेगळी होते. लेआउटच्या नकाशावर एक आकडा आणि पत्रकात दुसरा, असं आढळलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मोजणीची तारीख पडली की लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते. नोटीस सरकारी काम म्हणून जाऊ द्या, पण त्याआधी तुम्ही स्वतः पूर्वेकडच्या घरी जा. 'मोजणी मागवलीय, अमुक तारखेला या, तुमच्या समोरच खुणा होऊ देत,' एवढंच सांगा. नोटिशीचा कागद हातात पडल्यावर माणूस आधी वकिलाला फोन करतो. तुम्ही सांगून आलात तर त्या दिवशी तो छत्री घेऊन बांधावर उभा राहतो. हा फरक मी शेकडो वेळा पाहिलाय.

त्या दिवशी खुंट्या, चुना आणि हातोडा तयार ठेवा. आमच्या वेळी शंकू साखळी आणि फळ्याचं टेबल असायचं, आता यंत्र उपग्रहावरून जागा पकडतं, पण शेवटी जमिनीत ठोकतात ती खुंटीच. आणि खुंटी उपटली जाते. पोरं उपटतात, गुरं पाडतात, कधी कुणी मुद्दाम काढतं. म्हणून मोजणीवाले निघण्याआधी प्रत्येक खुंटीचं अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपनं घ्या, वहीत लिहा आणि टेप धरलेला फोटो काढा. दोन अंतरं हातात असली की खुंटी गेली तरी तिची जागा कोणत्याही दिवशी पुन्हा सापडते. जमलं तर त्याच दिवशी खुंटीच्या जागी दगड पुरा.

पुढे तुम्हाला मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळेल. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते. त्या दोन रेघांमधली पट्टी हीच तुमच्या शेजाऱ्याची तक्रार. ती दोन फूट आहे, सहा इंच आहे की मुळीच नाही, ते तिथं दिसेल. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे पहिली मोजणी तपासणारी फेरमोजणी, मागवू शकतो. ती होईपर्यंत त्या बाजूला हात लावू नका.

आता मिस्टरांच्या बारा वर्षांबद्दल. त्यांनी ऐकलेलं पुरतं चूक नाही, अर्धं आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद ६५ नुसार मालकीच्या आधारावर ताबा मागण्याची मुदत बारा वर्षांची, आणि ती ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून मोजतात. नुसती तार चौदा वर्षं उभी होती एवढ्यानं भागत नाही. ताबा उघड, सलग आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून घेतलेला होता, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तुम्हाला तर ती जागा आपलीच वाटत होती! दोन फूट गुणिले तुमची साठ फुटांची पूर्व बाजू, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. तेवढ्यासाठी दहा-बारा वर्षं तारखांना जायचं आणि भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलणं सोडायचं, हे मला पटत नाही. मोजणीत जागा त्यांची निघाली तर तार मागे घ्या. मिस्टरांना हे माझ्या नावावर सांगा.

आता उंची. मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर बाकी महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला सगळे युनिफाइड नियम म्हणतात. तिच्यानुसार कंपाउंडची भिंत १.५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच फूट. त्याहून उंच हवी तर एकूण २.४ मीटरपर्यंत, जवळजवळ आठ फूट, जाता येतं. पण वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा, ग्रिलचा किंवा जाळीचा हवा. म्हणजे सात फूट भरीव भिंत बसत नाही. पाच फूट भरीव आणि वर दोन फूट ग्रिल बसतं. कुत्र्यांना पाच फूट पुष्कळ झाले. डोकावणाऱ्यांसाठी ग्रिलवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा, वर्षभरात पडदा तयार होतो.

ही उंची मोजायची कुठून, ते गवंड्याला ठाऊक नसतं. ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून धरतात. तुम्ही घर बांधताना भर टाकून अंगण दीड फूट उचललं असेल, तर आतून तुम्हाला साडेतीन फुटांचीच भरीव भिंत दिसेल. उलट रस्त्यावर डांबराचे थर चढून अंगण खाली गेलं असेल, तर आतून ती जास्त भरेल. म्हणून आधी रस्त्याच्या मध्यापासून अंगणापर्यंत पाण्याची नळी धरून पातळी काढून घ्या.

तुमचा प्लॉट कोपऱ्याचा आहे, आणि इथं नियम आणखी कडक होतो. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. त्यावरचे राहिलेले ०.७५ मीटर पाहिजे असतील तर तेही आरपार दिसणारे. १० मीटर म्हणजे आमच्या जुन्या ३३ फुटी साखळीची जवळजवळ एक साखळी. एक गुंठाही साखळी गुणिले साखळीच असतो. म्हणजे तुमच्या दोन्ही रस्त्यांकडच्या भिंतींचा निम्म्याहून अधिक भाग ठेंगणा राहणार. ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, कारण डोकावणं होतं ते याच बाजूनं. पण तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. सकाळी पावणेसात. सातवीतली मुलगी सायकलवरून बाजूच्या रस्त्यानं येतेय, दप्तर पाठीला, आणि मोठ्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली. मधे तुमची सात फुटी भिंत असेल तर ट्रॉलीवाल्याला ती मुलगी दिसते तेव्हा ती रस्त्याच्या मधे आलेली असते. अडीच फुटांवरून तिचं डोकं, दप्तर आणि हँडल तिन्ही दिसतं. हा नियम कितीही गैरसोयीचा वाटला तरी मी त्याच्या बाजूचा आहे. कोपऱ्यावर दाट वेल मात्र चढवू नका, नाहीतर ग्रिलचा उपयोग संपला.

फाटकाचंही नियमात आहे: ते पूर्ण आतल्या बाजूला उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. आत गाडीला जागा पुरत नसेल तर सरकतं फाटक करा. गाडी चढवायचा उतारही आपल्या हद्दीत घ्या. गटारावर सिमेंट ओतून चढ केला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी समोरच्याच्या घरात जातं.

परवानगीबद्दल गवंड्यावर विसंबू नका. नगरपरिषदेत नोटीस येईल ती तुमच्या नावानं, त्याच्या नाही. घराच्या मंजूर नकाशात बहुधा कंपाउंडचाही सेक्शन काढलेला असेल आणि कुणीतरी म्हणेल, 'हे तर मंजूर आहे.' पण १९६६ च्या नगररचना कायद्यानं बांधकाम परवानगी एक वर्षाची, आणि वाढवून घेतली तरी एकूण चार वर्षांची. चौदा वर्षांपूर्वीच्या कागदावर आज पाया खणता येत नाही. परवानाधारक इंजिनिअरकडून भिंतीचा साधा नकाशा करून घ्या, त्यावर उंची, ग्रिल, कोपऱ्याचे १० मीटर आणि फाटक दाखवा, 'क' प्रत जोडा आणि नगररचना विभागात अर्ज द्या. पोच घ्या.

त्याच खिडकीवर आणखी एक काम उरका: झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागा. आज तुमच्यासमोर नऊ मीटरचा रस्ता दिसत असेल आणि योजनेत तो बारा किंवा पंधरा मीटरचा असेल. तसं असेल तर रुंदीकरणाची रेघ तुमच्या अंगणातून जाते. त्या रेघेच्या बाहेर चिरेबंदी भिंत बांधण्यात अर्थ नाही. तिथं तारच राहू द्या आणि पक्की भिंत रेघेच्या आत घ्या. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी हा नकाशा बघितला नाही. रुंदीकरणाच्या वेळी त्यांची भिंत गेली, फाटकाचे खांब गेले आणि भिंतीला टेकून बांधलेली पाण्याची टाकीही गेली. टाकीच्या वेळी ते रस्त्यात उभे राहून नुसते बघत होते.

(गावात राहणाऱ्या वाचकांसाठी दोन ओळी: गावठाणातल्या बांधकामासाठी ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ आहे, आणि गावाच्या रस्त्यावर आलेलं कुंपण हटवण्याचा अधिकार कलम ५३ नं पंचायतीला दिलाय. तेव्हा आधी ग्रामपंचायतीत लेखी विचारा.)

मागच्या शेतकऱ्याची वाट. ताई, ती पट्टी भिंतीत घेऊ नका, निदान आत्ता नाही. आधी लेआउटच्या नकाशात बघा. कदाचित तो मंजूर रस्ताच असेल आणि तुमच्या मालकीचा नसेलच. मग सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बघा, तुमच्या आणि त्यांच्याही. कुठंच नोंद नसली तरी वाट संपली असं होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि खंड न पडता वापरलेली वाट हा हक्क ठरू शकतो. आणि शेताकडं जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली शेतकरी सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतात आणि अडथळा काढायचा हुकूम देतात. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अडलेल्या माणसाची बाजू ऐकायला कुणालाही वेळ लागत नाही, आणि लागू नये. मोजणीत पट्टी तुमची निघाली तर त्यांच्याशी बसून रुंदी ठरवा. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर असतो, त्याला आठ फूट अपुरे पडतात, दहा-बारा लागतात. ठरेल ते कागदावर घ्या आणि भिंत त्याच्या आत बांधा.

कडुनिंब काढू नका. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू आहे, आणि स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुळं तोडून झाड मारणं हेही त्यात आलंच. आणि खरं तर गरजही नाही. झाडाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतर सोडून भिंत थांबवा, मधला गाळा ग्रिलनं भरा. चौदा वर्षांचा कडुनिंब आणखी जाडावणार आहे, त्याला जागा लागेल.

काचा नकोत. कोपऱ्यावर अडीच फुटांची भिंत असणार, त्यावर येता-जाता पोरं हात टेकतात. आणि घरातली वीज तारेत सोडण्याचा विचारही मनात आणू नका. राज्यात दरवर्षी अशा तारांना चिकटून माणसं मरतात. बऱ्याचदा तो चोर नसतो, घरचाच कुणीतरी असतो, पावसात तार सरळ करायला गेलेला. तार लावणाऱ्यावर मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदतो. फाटकापाशी एक दिवा आणि आतून कडी, एवढं तुम्हाला पुरेल.

शेवटची गोष्ट दोरीची. गवंडी पायाची आखणी करताना दोरी ताणतो. बहुतेक जण ती भिंतीच्या मध्यावर धरतात, कारण तीच सवय असते. नऊ इंची भिंत दोरीच्या मध्यावर बांधली की साडेचार इंच पलीकडे गेली. पाया तर भिंतीहून रुंद, दोन-अडीच फुटांचा, म्हणजे तो जमिनीखालून फूटभर शेजाऱ्यात. वरून कुणाला दिसत नाही. मग शेजारी आपलं बांधकाम काढतो, खणताना तुमचा पाया लागतो, आणि सगळं पुन्हा सुरू. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अशाच भिंतीपाशी मला वाकायला लावलं होतं. माती बोटांनी उकरून त्यानं पायाचा दगड दाखवला, त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, 'साहेब, हा माझ्या घरात झोपलाय.' तो बरोबर होता. मी मोजलं तेव्हा दगड अकरा इंच आत होता.

तेव्हा गवंड्याला सांगा: दोरी हद्दीच्या दगडाला दगड अशी ताणायची, भिंतीची बाहेरची कड दोरीला आतून टेकली पाहिजे, आणि पाया सगळा आतल्या बाजूला वाढवायचा. कोपिंगचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराचा, उतारही आत, म्हणजे पागोळी तुमच्या अंगणात पडेल. तुमच्याकडं काळी माती असेल तर पाया मुरमापर्यंत न्या, आणि तळाशी पाणी जायला भोकं ठेवा.

पूर्वेची बाजू मोजणीत बिनवाद निघाली आणि शेजारी राजी असले, तर त्या बाजूची भिंत सामाईक करता येईल. अर्धी जागा त्यांची, अर्धी तुमची, खर्च निम्मा-निम्मा. त्याचा समजुतीचा लेख ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून घ्या. त्यात भिंत सामाईक आहे, दुरुस्ती दोघांची आणि उंची परस्पर वाढवायची नाही, एवढं लिहा. जागेची मालकी अशा लेखानं बदलत नाही. जागेची अदलाबदल करायची असेल तर नोंदणीच लागेल.

दिवाळीच्या आत हे सगळं होणार नाही, ताई. अर्ज उद्या केलात तरी मोजणी, 'क' प्रत आणि नगरपरिषदेचा कागद हातात यायला काही महिने जातील. तोवर तार आहे तिथंच राहू द्या, सैल झालेली ओढून घ्या, कुत्र्यांसाठी खालून दोन फूट जाळी बांधा. फराळाचं ताट घेऊन पूर्वेकडच्या घरी जालच; मोजणीच्या तारखेचं तेव्हाच सांगून या.